बारा काटे

गिरणीवाल्या मंदाबाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे नजर टाकली आणि रजनीताईंचा ज्वारीचा डबा बाजूला सरकवला.

"बसा न ताई जराशा. सव्वाअकराले वीज दम खाते म्हनते पाटी. मंग टाकतो तुमचं दळण."

रजनीताई बाकावर टेकल्या. सव्वाअकराला गिरणीचा सूर खरोखरच खाली आला, पट्टा सैलावला, छतावरचा दिवा किंचित पिवळा पडला. चहाचा घोट घ्यावा एवढ्या वेळात सगळं पुन्हा जागेवर आलं.

"चुकतच नाही पाहा मेली!" मंदाबाईंनी पाटीकडे असा हात केला, की जणू शाळेत पहिली आलेली त्यांची नातच तिथे उभी होती.

पाटी म्हणजे तळहाताएवढा एक पडदा. देवखळ्यात आता घरोघरी, दुकानादुकानांत ती लागली होती. गावाला वीज यायची ती तलावाकाठच्या, अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा काढणाऱ्या संमीलन भट्टीतून, थेट. भट्टीतल्या आगीला अधूनमधून सावरून घ्यावं लागे आणि तेवढा वेळ वीज बसे. ती कधी बसणार, किती बसणार, हे पाटी आदल्या संध्याकाळीच सांगे. लोक त्यावर दळणं ठरवत, वाटणं ठरवत. एका जावयानं तर साखरपुड्याची वेळ पाटी बघून काढली होती. वर्ष होत आलं, पण पाटीचा शब्द खाली पडला नव्हता.

रजनीताईंना नेमकं तेच खटकत होतं.

त्यांच्या लहानपणी याच तलावाकाठी कोळशाचं वीजकेंद्र होतं. वडील तिथे पाळीवर जात. आई गच्चीवर पापड वाळत घालायची तर वर जुनं लुगडं पसरून, कारण चिमण्यांची राख कधी कोणत्या दिशेनं येईल याचा नेम नसे. वडील सकाळी आभाळ बघून सांगायचे, "आज राख पलीकडे जाणार," आणि दुपारी सगळे पापड करडे होऊन उतरायचे. मग आई जेवायला वाढताना वडिलांच्या अंदाजाची जी काही टर उडवायची, ती रजनीताईंना अजून शब्दन्‌शब्द आठवत होती. ज्या अंदाजावर कुणाला हसता येत नाही, तो अंदाज कसला?

हे त्या लेकीला बोलूनही दाखवत. ओवी भट्टीच्या गणन विभागाची प्रमुख होती, आणि पाटीमागचं डोकं तिच्याच गटाचं.

"अगं आई, आगीला सावरतं तेच गणित, वेळ सांगतं तेच. चुकेल कसं?"

"म्हणूनच तर विचारते," रजनीताई म्हणायच्या, आणि ओवी हसून डबा उचलायची.

रजनीताईंचं स्वतःचं आयुष्यही प्लाझ्माचे हिशेब करण्यात गेलं होतं. वायू इतका तापवायचा, की अणूंना आपले इलेक्ट्रॉन धरून ठेवता येऊ नयेत; सगळे सुटे, सैरभैर. तो प्लाझ्मा. त्याला कुठलं भांडं पुरणार? म्हणून चुंबकांच्या बळावर त्याला कड्यासारख्या पोकळीत अधांतरी धरायचं, भिंतीला टेकू द्यायचं नाही. आणि धरायचं तर पुढच्या क्षणी तो कुठे झुकेल ते आधी कळायला हवं. एकेक कण मोजू म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून कोट्यवधी कणांमागे एक प्रतिनिधी कण घ्यायचा, पोकळीवर आकड्यांची एक जाळी अंथरायची, जाळीच्या गाठीगाठीवर विद्युत आणि चुंबकीय बळ किती ते काढायचं आणि त्या बळानं कण हलवायचे. कण हलले की बळ बदलतं, म्हणून पुन्हा काढायचं. असं पुन्हा पुन्हा. त्यांच्या तरुणपणी प्लाझ्माच्या एका पापणी मिटण्याएवढ्या आयुष्याचा हिशेब करायला संगणकाला आठवडा लागे.

ओवीच्या गटानं अशा लाखो हिशेबांवर शिकवून एक नवंच गणित तयार केलं. ते प्लाझ्माच्याही आधी उत्तर द्यायचं. भट्टीतल्या माणसांनी त्याचं बारसंही केलं होतं. भट्टीत जळतो तो खरा प्लाझ्मा म्हणजे थोरली, आणि संगणकात चालतो तो त्याचा जुळा म्हणजे धाकटी. भट्टीत बसवलेल्या शोधकांच्या, म्हणजे मोजणाऱ्या यंत्रांच्या, तारांमधून थोरलीची खबर यायची, धाकटी ती आपल्या अंदाजाशी ताडून बघायची आणि चुंबकांना सांगायची: इकडे ओढा, तिकडे सोडा.

भट्टी आजवर अर्ध्या ताकदीनं चालत होती. उद्या ती पूर्ण ताकदीनं चालणार होती. मंत्री येणार होते, मांडव पडला होता. पलीकडच्या जुन्या केंद्रातला कोळशाचा शेवटचा संच अडीअडचणीसाठी जपून ठेवला होता, तोही उद्यापासून कायमचा बंद. आणि आज, आदल्या दिवशी, कामगारांच्या घरच्या मंडळींना भट्टी बघायला बोलावलं होतं. चहा, समोसा आणि सत्कार.

सत्कार रजनीताईंचा होता. संचालक देवतळे तरुणपणी त्यांच्या हाताखाली शिकले होते. त्यांनी नियंत्रणकक्षातच शाल पांघरवली, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही आम्हाला आठवडा आठवडा बसवून जे हिशेब करून घेतले, ते ओवी आता चुटकीसरशी करते."

"बसायची सवय मात्र सुटली तुमची," रजनीताई म्हणाल्या. सगळे हसले.

समोरच्या मोठ्या पडद्यावर दोन कडी होती. भगवं कडं मोजलेलं, निळं कडं गणितातलं. एकावर एक अशी बसलेली, की निळं दिसायला मान तिरकी करावी लागे. खाली आकडा होता, जुळणी शंभराला जवळजवळ टेकलेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

रजनीताईंनी वाजवल्या नाहीत. त्यांना एक जुना दिवस आठवला. त्यांच्या पहिल्या प्रयोगशाळेत असंच गणित आणि मोजमाप तंतोतंत जुळलं होतं, आणि पेढे वाटले गेले होते. संध्याकाळी कळलं की मोजणाऱ्यांच्या पडद्याला तार चुकून गणितवाल्यांच्याच यंत्राची लागली होती. दोन्ही रेषा एकाच विहिरीतल्या. प्रफुल्लनं, म्हणजे पुढे त्यांच्या नवऱ्यानं, ते शोधून काढलं आणि घरोघरी जाऊन पेढे परत मागितले होते.

तेव्हापासून तिथे एक रीत पडली. तिला सगळे अबोला म्हणत. गणिताची खोली व्हरांड्याच्या या टोकाला, मोजमापाची त्या टोकाला. प्रयोगाच्या आदल्या दिवशी गणितवाल्यांनी आपलं उत्तर फळ्यावर लिहायचं आणि त्यावर चादर टाकायची. प्रयोग होऊन मोजणारे आपले आकडे घेऊन येईपर्यंत दोन्ही खोल्यांनी त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मग चादर काढायची. रजनीताई या खोलीतल्या, प्रफुल्ल त्या खोलीतला. नवीन लग्न झालेलं, आणि प्रयोगाच्या आठवड्यात दोघं घरीही तोंडाला कुलूप लावून जेवायची. शेजारच्या बाईंना वाटायचं, पोरीचं पटत नाही वाटतं. त्या वाटीभर शिरा घेऊन समजूत घालायला यायच्या.

"ओवी," रजनीताईंनी हळूच विचारलं, "हे भगवं कडं सगळं मोजलेलंच ना?"

"हो ना."

"सगळं?"

"अगं, काही शोधक निकामी होतात. न्यूट्रॉनचा मारा असतो सतत. तेवढ्या जागा भरून काढतो आपण."

"कशानं?"

"धाकटीच्या अंदाजानं. सगळे तसंच करतात, आई. मध्ये भोकं ठेवली तर नियंत्रण अडखळतं."

"किती जागा?"

"असतील थोड्या. आई, आज नको ना. बाबांचा हा स्वभाव तुझ्यात कधीपासून आला?"

समोशाची बशी तशीच ठेवून रजनीताई गेडाम नावाच्या तंत्रज्ञाकडे गेल्या. मंडळींना फिरवून आणायचं काम त्याच्याकडे होतं.

"पाण्याचं दालन उघडं आहे का रे?"

"तिथं काय पाहाच हाय काकू? नुसते नळ हायेत. चला, तुमाले चुंबक दाखवतो."

"चुंबक खूप बघितले. नळच दाखव."

कड्याच्या तळाशी उष्णतेचा निचरा होतो, तिथे पाणी फिरवून ती बाहेर काढतात. त्या परतीच्या पाण्याचे बारा नळ दालनात ओळीनं येत होते, घड्याळाच्या आकड्यांसारखे कड्याच्या बारा बाजूंचे. प्रत्येक नळावर एक तापमापी होती, पितळी चौकटीची, काट्याची. भट्टी बांधताना प्रफुल्ल मोजमापाच्या समितीवर होता. त्यानं भांडून हे काटे बसवून घेतले होते, आणि मुद्दाम कुठल्याही तारेला जोडू दिले नव्हते. वाचायचं तर माणसानं पायानं जायचं. तो गेल्यानंतर इकडे कुणी फिरकलं नव्हतं. भट्टीतले लोक त्यांना शोभेचे काटे म्हणत.

रजनीताईंनी पदरानं पहिली काच पुसली, मग दुसरी. आग कड्यात मधोमध असेल तर बाराही बाजूंनी उष्णता सारखी उतरायला हवी, आणि बारा काटे जवळपास एकाच जागी उभे असायला हवेत. सात तसेच होते. तलावाच्या बाजूचे पाच पुढे सरकलेले होते. त्यांतला मधला तर तांबड्या खुणेला नाक लावून उभा होता.

त्यांनी त्या नळाजवळ हात नेला आणि लगेच मागे घेतला. काटा खरं बोलत होता.

"गेडाम, पेन आहे?"

"कागद नाही न पन."

"तळहात आहे ना? बाराही आकडे लिही. मला सांगू नकोस, वर कुणालाच सांगू नकोस. मूठ बंद ठेव."

"मले काई समजून नाही राहिलं काकू."

"समजू नयेच. म्हणून तर तुला लिहायला सांगितलं."

परत येताना त्यांना ओवीचं एक जुनं बोलणं आठवलं. ओवी लहान असताना आईबाबांच्या मधल्या त्या गप्प जेवणांना कंटाळून एकदा म्हणाली होती, "मी मोठी झाले की असं यंत्र करीन, की तुम्हाला गप्प बसावंच लागणार नाही." तिनं ते केलं होतं. आयुष्याची पंधरा वर्षं घालून केलं होतं.

नियंत्रणकक्षात देवतळे पाहुण्यांना निरोप देत होते. रजनीताई थेट ओवीपाशी गेल्या.

"एकदा अबोला करायचा?"

ओवीनं आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. मस्करी नव्हती. "कशावर?"

"पाण्याच्या बारा नळांवर. आत्ता या घडीला कुठला किती तापलेला असेल, धाकटीला विचार आणि फळ्यावर लिही."

"मॅडम," देवतळे मध्ये आले, "उद्या एवढा मोठा दिवस, आणि आज हे... चहा घेता का दुसरा?"

"देवतळे, शिकत होतास तेव्हा तुझा फळा मी तीनदा पुसायला लावला होता. आठवतं ना? गप्प उभा राहा."

ओवीनं आकडे लिहिले. लिहून झाल्यावर तिनं नकळत इकडेतिकडे बघितलं. चादर नव्हती. रजनीताईंनी अंगावरची सत्काराची शाल काढून फळ्यावर टाकली. मग गेडामला पुढे बोलावलं. त्यानं घामेजलेली मूठ उघडली आणि आकडे दुसऱ्या फळ्यावर उतरवले.

शाल निघाली. शालीखालचे बाराही आकडे सारखे होते. गेडामचे सात त्यांच्याशी जुळले, पाच जुळले नाहीत. मधल्यात तर चाळीस अंशांचा फरक होता.

मग देवतळे म्हणाले, "जुने काटे आहेत. दहा वर्षांत कुणी तपासले नाहीत."

"बिघडायचे तर कसेही बिघडले असते," रजनीताई म्हणाल्या. "तलावाकडचेच पाच, ओळीनं, आणि मधला सगळ्यांत जास्त? बिघाड इतका शिस्तीचा नसतो, बाबा."

"तू आधी बघून आली होतीस," ओवी म्हणाली. आवाज कोरडा होता.

"हो. म्हणूनच तुला काही बोलले नाही."

ओवी खुर्चीवर बसली. जराशानं ती गेडामला म्हणाली, "अंदाजानं जागा भरणं बंद कर. फक्त शोधकांकडून येतंय तेवढंच पडद्यावर घे."

भगवं कडं एकदम अर्धवट झालं. तलावाच्या बाजूचा जवळजवळ सगळा भाग कोरा. मघाशी टाळ्या पडलेल्या त्या कड्याचा जवळजवळ अर्धा भाग धाकटीनंच काढलेला होता, आणि तीच त्यावर आपली जुळणी लावत होती.

"इतके शोधक जळाले?" देवतळ्यांनी विचारलं.

ओवी तारांवरचे कच्चे संकेत चाळत होती. तिचा हात थांबला. "जळालेले नाहीत," ती म्हणाली. "सर, हे जिवंत आहेत. आत्तासुद्धा बोलतायत. त्यांच्यावर सदोष असा शिक्का आहे, म्हणून त्यांचं कुणी घेत नाही."

"शिक्का मारला कोणी?"

"धाकटीनं." तिनं कपाळावर हात ठेवला. "नियम साधा आहे. एखाद्या शोधकाचं मोजमाप अपेक्षेपेक्षा फारच वेगळं आलं, तर शोधक बिघडला असं समजायचं आणि त्या जागी अपेक्षाच भरायची. सगळ्या जगात हाच नियम वापरतात. एखादा शोधक खरंच बिघडतो तेव्हा हा नियम बरोबरच असतो."

पुढचं तिनं सांगायची गरज नव्हती. आग तलावाच्या बाजूला जरा झुकली असेल. पहिल्या शोधकानं तसं सांगितलं, तो सदोष ठरला. त्याच्या जागी धाकटीनं लिहिलं, सगळं मधोमध आहे. मग शेजारचा एकटा पडला, तोही सदोष. जितके कमी उरले तितकी जुळणी वाढत गेली, आणि जुळणी वाढली म्हणून लोकांचा विश्वास वाढला. रजनीताईंना त्यांची एक आतेबहीण आठवली. सासरी जे कुणाला ऐकायचं नसे ते ती बोलायची. घरानं तिला भ्रमिष्ट ठरवलं, आणि आल्यागेल्यांना तिच्या वतीनं सासूच सांगायची, "ती मजेत आहे हो."

"सदोष ठरवलेले सगळे घे पडद्यावर," त्या म्हणाल्या. "शिक्के काढून."

कडं पुन्हा भरलं. आता ते तलावाकडे कललेलं होतं, भिंतीपासून चार बोटं. अर्ध्या ताकदीवर चार बोटं. पूर्ण ताकदीवर त्या भिंतीचं आणि तिच्यामागच्या पाण्याच्या नळ्यांचं काय झालं असतं, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. गावाला धोका नव्हता. आग आपोआप विझली असती. पण फुटलेल्या नळ्यांचं पाणी कड्यात शिरलं की भट्टी कित्येक वर्षं उभी राहिली नसती, आणि चिमण्या पुन्हा धुरावल्या असत्या.

देवतळ्यांनी खुर्ची ओढली. "ओवी, उद्याच्या परवानगीवर तुझी सही लागते. आज रात्रीत कडं मध्यावर आणू. धाकटी करेल ना ते?"

"कोणत्या कड्यावरून करेल, सर? तिच्या मते ते मध्यावरच आहे."

"मंत्री येतायत गं. मांडव पडलाय, अख्ख्या जिल्ह्याला निमंत्रणं गेलीयत."

ओवीनं आईकडे बघितलं नाही. ती फळ्यावरच्या दोन ओळींकडे बघत होती. "मांडव राहू द्या. मुलांचं गॅदरिंग करा त्यात. मी सही करणार नाही. आणि कारण म्हणून माझ्याच गणिताचं नाव लिहा, काट्यांचं नको."

रजनीताईंनी शाल उचलून घडी घातली.

त्यानंतर भट्टी अर्ध्याहूनही कमी ताकदीवर आली. कोळशाचा संच पुन्हा सुरू झाला आणि दोन महिन्यांत गच्च्यांवर बारीक राख दिसू लागली. शोधकांना पुन्हा बोलू दिल्यावर धाकटीला सगळं नव्यानं शिकावं लागत होतं. पाटीवर आता "साधारण", "कदाचित", "अर्धा तास मागेपुढे" असे शब्द यायचे. आज तर मंदाबाईंचं दळण मधेच अडकलं होतं.

"काऊन केलं हो ताई तुमच्या पोरीनं असं?" त्या पिठाचे हात झटकत म्हणाल्या. "पहिलीच बरी होती. नेम तरी होता तिले."

"ती खोटं सांगायची, मंदाबाई."

"मले कोनतं खोटं सांगतलं तिनं? मले म्हने सव्वाअकरा, तर सव्वाअकरा!"

रजनीताई अर्धं पीठ घेऊन घरी आल्या.

दुपारी ओवी जेवायला आली. वांग्याचं भरीत आणि भाकर ताटात घेतली, पण तिचं खाण्याकडे लक्ष नव्हतं. देशातल्या आणखी पाच भट्ट्या धाकटीच्याच प्रतींवर चालत होत्या. त्या सगळ्यांना तिनं देवखळ्यात काय झालं ते कळवलं होतं आणि आपापली भट्टी तपासायला सांगितलं होतं.

"आली का उत्तरं?" रजनीताईंनी विचारलं.

"आली. पाचही ठिकाणची जुळणी उत्तम आहे म्हणतात. आपल्यापेक्षाही चांगली. तीन भट्ट्या तर आता पूर्ण ताकदीवर गेल्यात."

"शोधकांवरचे शिक्के काढून बघितलं?"

"तसं नियमात बसत नाही म्हणाले. भट्टी चालू असताना सदोष शोधक जोडायचे नाहीत."

"बरं. मग काटे? पाण्याच्या नळांवर जाऊन कुणी बघितलं?"

ओवीनं हातातला घास ताटात ठेवला.

"तिथे काटे बसवलेच नाहीत, आई. त्या भट्ट्या आपल्यानंतरच्या. धाकटी असताना काट्यांची गरज उरत नाही असं त्यांच्या आराखड्यात लिहिलंय. आपल्या अगदी सुरुवातीच्या जुळणीचा दाखला देऊन."

भिंतीवरची पाटी उजळली. उद्या दुपारी कदाचित, साधारण तीनच्या सुमारास, वीज थोडी बसेल, खात्री नाही. रजनीताईंनी ते वाचलं आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना पाटीबद्दल जरा माया वाटली. मग त्यांना त्या पाच गावांमधल्या पाट्या दिसू लागल्या. प्रत्येक स्वयंपाकघरात एक, न चुकणारी. आणि तिच्यापुढे हात कोपरापर्यंत पिठात घालून बसलेली, निर्धास्त माणसं.

"ओवी," त्या म्हणाल्या, "तिथल्या थोरल्या काय सांगतायत, ते ऐकायचं कोणी?"